कम्प्युटर सायन्स आणि डिजिटल मीडिया एकत्र : धड ना इकडचं, धड ना तिकडचं?

सुरसागर : आपल्या वडोदऱ्याच्या मराठी गटावर काल कुणीतरी बारावीच्या पालकांना सल्ला दिलाय : "कम्प्युटर सायन्स आणि डिजिटल मीडियाची एकत्र पदवी घेऊ देऊ नका, मुलगा ना धड इंजिनिअर होतो ना धड कलाकार." दोन ओळींत पोरांच्या चार वर्षांचा निकाल! म्हणून सविस्तर लिहितोय.

फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट. झाले सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १५५ मेगाबाइट. हे मोबाइलवर मावतं, कारण कोडेक (व्हिडिओ आकसून साठवणारं सॉफ्टवेअर) आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच साठवतो. आता विसर्जनाचा गुलाल उधळतानाचा शॉट घ्या. प्रत्येक कण हलतो, म्हणजे मागच्या फ्रेमवरून अंदाज बांधायला काहीच उरत नाही, आणि कमी बिटरेटवर (म्हणजे सेकंदाला कमी डेटा दिला की) चित्राचे चौकोन पडतात. नुसता एडिटर कॅमेऱ्याला दोष देतो. नुसता प्रोग्रामर बिटरेट वाढवत बसतो, शॉट लांबून घ्यावा हे त्याला सुचत नाही. दोन्ही शिकलेला माणूस पहिल्याच दिवशी ओळखतो.

वाडीकर : तो सल्ला माझाच. तुम्ही ज्ञानाबद्दल बोलताय, मी पदवीबद्दल. क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप) मोजा. चार वर्षांचे १६०, सत्राला २०. चार क्रेडिटचा पेपर धरला तर एकूण ४०. अर्धे मीडियाला गेले की उरले २०, त्यातूनही भाषा, पर्यावरण, इंटर्नशिप वजा. मग कात्री कशाला लागते? कंपायलर, थिअरी ऑफ कम्प्युटेशन आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल, म्हणजे कम्प्युटरच्या गाभ्यालाच.

शिवाय व्याख्यानाचं एक क्रेडिट १५ तासांचं, प्रॅक्टिकलचं ३० तासांचं. मीडियाचे पेपर बहुतेक प्रॅक्टिकलचे, म्हणजे क्रेडिट तेवढेच आणि तास दुप्पट. एका मिनिटाचं ऍनिमेशन म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने १४४० फ्रेम. एक फ्रेम रेंडर करायला, म्हणजे मशीनने अंतिम चित्र काढायला, पाच मिनिटं लागली तर १२० तास, मशीन सलग पाच दिवस अडकलं. त्याच आठवड्यात डेटा स्ट्रक्चर्सची परीक्षा आली की काय सुटतं, ते सांगायला नको.

फतेगंज : पाच दिवस मशीन अडकतं, मुलगा नाही. आधी पाव आकारात रेंडर करून हालचाल तपासायची. अंतिम रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये कधीच करायचं नाही, सुट्या चित्रांच्या फाइलमध्ये (पीएनजी किंवा ईएक्सआर) करायचं. वीज गेली आणि ९०० फ्रेम झाल्यावर मशीन बंद पडलं तर ९०१ पासून पुढे चालू. हे मीडियाच्या वर्गात "असं करा" म्हणून सांगतात, कम्प्युटरच्या वर्गात त्यालाच चेकपॉइंट म्हणतात.

कंपायलर कापला जातो, हे मान्य. पण गणित जास्त मुरतं. काळा ० आणि पांढरा २५५, तर निम्म्या प्रकाशाचा आकडा किती? १२८ नाही, एसआरजीबीत (पडद्यावरच्या रंगांच्या नेहमीच्या मापात) तो १८८ येतो. हे न कळता पिक्सेल मिसळले की ब्लरच्या कडा काळवंडतात.

मांडवी : तुमचं चालू द्या, पण गणपतीच्या बॅनरवर "विसर्जन" तरी नीट येऊ दे कुणी! वेलांटी व च्या उजवीकडे जाते, रफाराच्या जागी पाय मोडलेला र दिसतो. दरवर्षी हेच. मराठी माणसांच्या मंडळात!

वाडीकर : ती सॉफ्टवेअरची सेटिंग आहे. तिला पदवी लागत नाही.

दांडियाबाजार : सेटिंग म्हणून हात झटकू नका. युनिकोडमध्ये (अक्षरांच्या जागतिक कोडमध्ये) पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवतात आणि दाखवताना आधी येते. रफारही तसाच, साठवताना आधी र, दिसताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही उलटापालट शेपिंग इंजिन (अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर) करतं आणि त्याचे नियम फाँटच्या आत लिहिलेले असतात. आपल्याच शहराचं नाव बघा. "वडोदऱ्याच्या" लिहायला खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ लागतो. साधा र टाकला की "वडोदर्याच्या" होतं आणि डोक्यावर रफार बसतो. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे काढतात, पण कोड एकच. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फाँटमध्ये तसा नियम असला तर आपला ल येतो. वळण काढणारा आणि नियम लिहिणारा एकमेकांची भाषा बोलत नाहीत, म्हणून ही दशा. हीच ती पदवी!

आणि हे याच गावात सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन काढलं, तिथे रंगरसायन, यंत्रविद्या आणि चित्रकला एकाच संस्थेत होती. दादासाहेब फाळके तिथलेच.

वाडीकर : प्रत्येक वादात महाराजांना आणू नका. इथलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये झालं, १९५० मध्ये फाइन आर्ट्सची फॅकल्टी वेगळी निघाली, कला आणि तंत्रज्ञान दोन्हींचा अभ्यास सखोल हवा. आणि ल, श करताना नोकरीचं कुणी बोललंच नाही. जाहिरातीत "बीई किंवा बीटेक, कम्प्युटर" असं असेल आणि प्रमाणपत्रावर बीएस्सी असेल तर अर्ज छाननीतच बाद. एमसीएला (कम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) बऱ्याच ठिकाणी बारावीत किंवा पदवीला गणित मागतात. बी ग्रुपच्या (जीवशास्त्र घेतलेल्या) मुलांच्या पालकांनी हे प्रवेशाआधी विचारायचं की नंतर?

सुरसागर : आधीच. हा मुद्दा तुमचा बरोबर, तो माझ्याकडून राहिला. पण हे तुमच्या सल्ल्यात कुठे होतं? तिथे फक्त "घेऊ देऊ नका" होतं.

वाडीकर : मग आता लिहितो. गणिताचे दोन पेपर, डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल पहिल्या दोन वर्षांत असेल, आणि शेवटच्या प्रकल्पाला दोन्ही विभागांचा एकेक गाइड असेल, तर माझी हरकत नाही. अभ्यासक्रमात नुसती सॉफ्टवेअरची नावं दिसली तर माझा सल्ला कायम.

मांडवी : आणि बॅनर?

दांडियाबाजार : जुनं फोटोशॉप असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर. फाँट युनिकोडचाच घ्या. प्रेसला देताना अक्षरांचे कर्व्ह (मजकुराऐवजी नुसते आकार) करून द्या, म्हणजे त्यांच्याकडे फाँट नसला तरी "विसर्जन" फुटणार नाही. मजकूर असलेली मूळ प्रत मात्र वेगळी ठेवा, कर्व्ह केल्यावर तारीख बदलता येत नाही.