जळगावची लॅब की सावद्याचं पॅकहाऊस? दोन ऑफर आल्यात, सल्ला हवा

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. ॲग्री केलं आणि तेव्हापासून एका खत कंपनीत फील्डवर आहे. टार्गेटपायी दुकानदारांच्या मागे फिरून जीव मेटाकुटीला आलाय. आता दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय आणि घरात दोन मतं पडलीत, म्हणून इथे विचारतोय.

पहिली ऑफर जळगावच्या एका जुन्या टिश्यू कल्चर कंपनीची, म्हणजे लॅबमध्ये केळीची रोपं तयार करणारी. हार्डनिंग विभागात (लॅबमधली रोपं बाहेरच्या हवेला सरावायची) सुपरवायझर. हातात ३१ हजार, बेसिक १६ हजार. पीएफ, ग्रॅच्युइटी आहे, भुसावळपासून कंपनीची बस आहे.

दुसरी सावद्याजवळच्या, केळी बॉक्समध्ये भरून निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसची. दोन भावांनी तीन वर्षांपूर्वी सुरू केलंय, माल आखातात जातो. क्वालिटी आणि खरेदी दोन्ही माझ्याकडे. जानेवारी ते जून महिना ४५ हजार, उरलेले सहा महिने त्याच्या ६० टक्के. पीएफ नाही. कायमची माणसं आठ-नऊच, बाकी कापणीच्या आणि पॅकिंगच्या टोळ्या. मालक म्हणतात, दुसरं युनिट टाकलं की ते पूर्ण तुम्ही सांभाळा.

घरी चार एकर, त्यात दोन एकर केळी. सोसायटीचं पीककर्ज आहे. बायको फैजपूरला विनाअनुदानित शाळेत शिकवते, मुलगी लहान आहे. वडील म्हणतात लॅब. बायको म्हणते पॅकहाऊस, कारण मी बागेत असलो की वेगळाच माणूस असतो असं तिचं म्हणणं. तुम्ही माझ्या जागी काय कराल?

अमळनेरकर:
भाऊ, पगार कितला शे हाई नंतर. तो कव्हय मियस हाई पहिले इचार. तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्याला गाठा आणि गेल्या दिवाळीच्या आसपासचे पगार कोणत्या तारखेला झाले ते काढून घ्या. हंगाम सरल्यावर जो मालक वेळेवर पगार करतो, तो खरा.

पासबुक:
मी भुसावळला पगारपत्रकाचंच काम करते. ४५ आणि ३१ हे आकडे शेजारी ठेवून कुणीही फसेल, म्हणून वर्षाचा हिशेब मांडते.

पॅकहाऊसचे सहा महिने ४५ हजारांनी २ लाख ७० हजार. पुढचे सहा महिने २७ हजारांनी १ लाख ६२ हजार. एकूण ४ लाख ३२ हजार.

लॅबचे हातात येणारे ३१ हजार गुणिले १२ म्हणजे ३ लाख ७२ हजार. पण हे तुमचा पीएफ कापून झाल्यावरचे आहेत. १६ हजारांवर १२ टक्के म्हणजे महिना १,९२०, वर्षाला २३ हजार ४०. तेवढीच रक्कम कंपनी भरते, तिचा काही भाग पेन्शन योजनेत जातो. ग्रॅच्युइटीचं गणित बेसिक गुणिले १५ भागिले २६, म्हणजे एका वर्षाच्या नोकरीमागे सुमारे ९,२०० रुपये. कायम कर्मचाऱ्याला ती सलग पाच वर्षं झाल्यावर मिळते, हे विसरू नका. सगळं मिळून ४ लाख २७ हजारांच्या आसपास.

म्हणजे वर्षाला फरक पाचेक हजारांचा. सावद्याला मोटरसायकलने जाल तर तो पेट्रोलमध्येच जाईल. तेव्हा 'जास्त पैसे' हे कारण डोक्यातून काढून टाका आणि मग दोन्ही कामांकडे बघा.

आणखी एक. २० माणसांच्या खाली पीएफ बंधनकारक नसतो हे खरं, पण ठेकेदारामार्फत आलेली माणसंही मोजणीत धरतात. टोळ्या धरल्या तर त्यांचा आकडा किती होतो ते विचारा. आकडा कमी भरला तरी मालकाला स्वखुशीने नोंदणी करता येते. खत कंपनीतला तुमचा पीएफ मात्र काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि पेन्शनचे पैसेही काढले तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते.

शेडनेट:
मी टिश्यू कल्चरमध्ये आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, काम सांगते.

बाहेरून वाटतं तेवढं हे थंडगार आरामाचं काम नाही. लॅबमधून बाटल्या येतात. रोपाच्या मुळांना चिकटलेलं जेल धुवायचं, ट्रेमध्ये लावायचं आणि ग्रीनहाऊसमध्ये ठेवायचं. ते तगलं की पिशवीत, शेडनेटखाली. बाटलीतल्या रोपाला बाहेरची हवाच माहीत नसते, पान तळहातावर घेतलं तर ओल्या कागदासारखं लोळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात दुपारी वीज गेली, फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) थांबला आणि जनरेटर सुरू करायला कुणी दहा मिनिटं उशीर केला, तर आख्खी ओळ मान टाकते. सुपरवायझर म्हणून तो फोन तुम्हाला येणार, सुट्टीच्या दिवशीही. मृगबागेची, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीची मागणी आणि हा उन्हाळा एकमेकांना खेटून येतात.

आता वाढीचं. इथे वाढ नाही असं कुणी म्हणत असेल तर मला पटत नाही. मातृवृक्षाची निवड, विषाणू तपासणी, वाणाबाहेरची रोपं ओळखून काढणं, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन तक्रार निकाली काढणं, हे सगळं शिकण्यासारखं आहे. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने बागा उपटायची वेळ येते तेव्हा शेतकरी पहिल्यांदा रोपाकडे बोट दाखवतो. तो पसरवणारी मावा कीड कुठून आली, शेजारी कोणतं पीक होतं, हे बघून नेमकं सांगणाऱ्या माणसाला मान आहे. पण हार्डनिंगमध्येच वर्षानुवर्षं राहिलेलेही माझ्या शेजारी बसतात, कारण ते काम नीट करणारा माणूस हलवायला वरिष्ठ तयार नसतात. मुलाखत घेणाऱ्यांना सरळ विचारा, दोन वर्षांनी फील्ड किंवा तपासणी विभागात बदली मिळेल का. उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समजा.

रावेर_बागायतदार:
मी पॅकहाऊसला माल देणारा शेतकरी. त्यामुळे माझी बाजू तिसरीच.

या धंद्यात कंपनी टिकाऊ आहे की नाही, हे तिच्या ऑफिसात बसून कळत नाही. ते कळतं शेतकऱ्याच्या पट्टीवरून, म्हणजे माल दिल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठीवरून. त्यांना माल दिलेले चार-पाच शेतकरी शोधा, मालकाने सुचवलेले नकोत. बोर्डाचा (बाजारात जाहीर होणारा) भाव ठरला असताना पट्टी कितीने कमी लागली, कापणीनंतर पैसे किती दिवसांनी जमा झाले, घड नाकारले ते आधी बागेत सांगून की पॅकहाऊसला नेल्यावर, एवढं विचारा. शेतकऱ्याचे पैसे थकवणारा मालक एक दिवस तुमचाही पगार थकवतोच.

आता तुमचं काम. सकाळी उजाडायच्या आत टोळी बागेत हवी. तुम्ही घडाला कॅलिपर लावून जाडी बघणार, डाग बघणार, हा घे, तो राहू दे म्हणणार. घड गादीवर उतरवायचे, फण्या करायच्या, तुरटीच्या पाण्यात चीक काढायचा, वजन करून १३ किलोचा बॉक्स भरायचा, मग प्री-कूलिंग आणि १३-१४ अंशांवर कंटेनर. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे २० टन माल बसतो. त्यात एक फणी आधीच पिकायला लागलेली गेली, तर तिच्या इथिलीनने शेजारचा बॉक्स पिकतो आणि समुद्रात कुणी काही करू शकत नाही. मधल्या टप्प्यातली ही नजर ज्याला येते, तो माणूस सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, सोलापूरकडचं टेंभुर्णी, कुठेही उपाशी राहणार नाही.

माझ्या मते आपल्या भागात शेतात पिकवणारे पुष्कळ आहेत, विकणारेही आहेत. परदेशच्या खरेदीदाराला काय लागतं ते समजून बागेत येऊन सांगणारे फार थोडे. तुमच्यासारखा, घरची केळी असलेला, शिकलेला मुलगा तिथे गेला पाहिजे. पण ६० टक्क्यांवर नको. वादळ झालं, बागा आडव्या झाल्या, तिकडच्या देशात काही बिनसून खरेदी थांबली, तर त्याचा भार मालकाने सोसायचा, नोकराने नाही. पगार बारा महिने सारखा मागा.

चोपडा_नाका:
रावेरच्या काकांशी एवढं जमत नाही. बायकोची नोकरी विनाअनुदानित, वडिलांच्या डोक्यावर पीककर्ज आणि त्यात केळी. म्हणजे घरात येणारे दोन्ही पैसे वर-खाली होणारे. पॅकहाऊसला गेलात तर तुमचा पगारही केळीवरच. ज्या वर्षी वडिलांची बाग वादळात जाईल, त्याच वर्षी तुमच्या पॅकहाऊसला माल नसेल. सगळा भार एकाच खुंट्यावर टांगू नका. मी तुमच्या जागी असतो तर मुलगी शाळेत जाईपर्यंत लॅब धरली असती.

शेडनेट:
चोपडा_नाका, मुद्दा बरोबर आहे, पण लॅबही केळीचीच आहे. बागा गेल्या तर शेतकरी पुढच्या वर्षी रोपं कमी घेतो. फक्त तो फटका उशिरा आणि थोडा हलका बसतो.

तापीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. पासबुक ताईंचा हिशेब रात्री वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे पैसा सारखाच, तर मग तुझं तू बघ."

सावद्याच्या बाजूला जाऊन शेतकऱ्यांना भेटलो. बहुतेकांचं म्हणणं पैसे आठवड्याभरात जमा होतात. एकाने सांगितलं की वादळाच्या वेळी उशीर झाला, पण मालक स्वतः घरी येऊन तारीख सांगून गेले आणि ती पाळली. हे मला फार मोठं वाटलं.

मग मालकांशी बोललो. बारा महिने ३६ हजार द्यायला तयार आहेत, म्हणजे वर्षाची बेरीज तीच. पीएफची नोंदणी या हंगामानंतर करू म्हणाले. नियुक्तीपत्र देतील, नोटीस एक महिन्याची. लॅबला बदलीबद्दल विचारलं तर "नंतर बघू" असं उत्तर आलं. मन सावद्याकडे झुकलंय. चोपड्याच्या दादांचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाही. त्यासाठी वडिलांशी बोलून दोनपैकी एक एकर पुढच्या लागवडीला हळद किंवा हरभऱ्याला काढायचा विचार चालू आहे.

पासबुक:
"हंगामानंतर करू" हे नियुक्तीपत्रात महिन्यासह लिहून घ्या. तोंडी राहिलं की राहतंच. पीएफ सुरू होईपर्यंत दर महिन्याला ३-४ हजार पोस्टात किंवा पीपीएफमध्ये स्वतः टाकत चला, आणि कुटुंबाचा आरोग्य विमा पहिल्या पगारातून घ्या.

चोपडा_नाका:
एक एकर काढताय तर माझी हरकत मागे घेतो. शुभेच्छा.

रावेर_बागायतदार:
एक राहिलं होतं, तेच सगळ्यात महत्त्वाचं. खरेदी तुमच्याकडे म्हणजे तुमच्या ओळखीच्या गावांतून माल येणार. शेतकरी कंपनीला ओळखत नाही, तो तुमच्या वडिलांना ओळखतो. उद्या पैसे अडकले तर तो सावद्याला नाही, तुमच्या ओट्यावर येऊन बसेल. म्हणून पहिल्या दिवसापासून कापणीची पावती कंपनीच्या नावाची, शिक्क्याची, त्यावर वजन, भाव आणि पैसे द्यायची तारीख. स्वतःच्या वहीत आकडा लिहून 'माझ्यावर सोडा' असं कुणाला सांगायचं नाही, सख्ख्या मामालाही नाही. मालकांना हे मान्य आहे का ते सही करायच्या आधी विचारा आणि इथे कळवा.