हुक्का ओढणाऱ्याने पहिला व्हेप कोणता घ्यावा? मुळात घ्यावा का?

वेंब्लीकर
मंडळी, सल्ला हवाय. लंडनमध्ये राहतो. सिगरेटला कधी हात लावला नाही, पण शुक्रवारी मित्रांबरोबर एजवेअर रोडला शीशा (इथे हुक्क्याला हेच म्हणतात) ठरलेला. मग घरीही एक आणला आणि आता वार बघायची गरज उरली नाही. निखारे, राख, गालिच्यावरचे डाग, बायकोची बोलणी या सगळ्याला कंटाळून व्हेप घ्यावा म्हणतोय. दुकानातल्या पोराने पेनाएवढा पॉड दिला, दर मिलिला २० मिलिग्रॅम निकोटीनचं लिक्विड भरून. एक कश घेतला आणि ठसक्याने डोळ्यांत पाणी आलं. धूर म्हणाल तर उदबत्तीइतका. डबल ॲपल या शीशाच्या तंबाखूची ती बडीशेपेसारखी चव तर कुठेच नाही. काय घेऊ?

कॉईलबदलू
पोराने तुम्हाला सिगरेटवाल्याचं यंत्र दिलं, साहेब. सिगरेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो, मग आत. हुक्क्याचा कश थेट छातीत जातो, तोही लांबलचक. त्या बारक्या पॉडचं हवेचं भोक अरुंद असतं आणि निकोटीन कायद्याने जास्तीत जास्त मिळतं तेवढं. त्यावर हुक्क्याचा कश मारला तर ठसका लागणारच, वर चक्कर आणि मळमळ फुकट.

तुम्हाला थेट फुप्फुसात ओढायचं यंत्र लागेल. हवेची खिडकी मोठी, कॉईल (लिक्विड तापवणारी तार, तिच्याभोवती कापूस) ०.३ ते ०.६ ओहमच्या मधली, बॅटरी आतच बसवलेली (सुट्या बॅटऱ्यांच्या भानगडीत पहिल्याच यंत्राला पडू नका). लिक्विडमध्ये व्हीजी (वनस्पतीजन्य ग्लिसरीन) ७० टक्के, म्हणजे वाफ दाट. निकोटीन दर मिलिला ३ मिलिग्रॅम, त्याच्या वर नको. असं लिक्विड मोठ्या बाटलीत बिननिकोटीनचं मिळतं. ५० मिलि लिक्विडात १८ मिलिग्रॅमवाली १० मिलिची निकोटीनची कुपी ओतली की बरोबर ३ चं होतं.

दोन अडचणी आधीच सांगतो. इथे टाकी २ मिलिपेक्षा मोठी विकता येत नाही, आणि तुमच्या कशाला २ मिलि म्हणजे काहीच नाही, सारखं भरत बसाल. दुसरं, गोड लिक्विडने कॉईल लवकर काळी पडते. नवी कॉईल घातली की कापूस भिजेपर्यंत थांबा, नाहीतर पहिल्याच कशाला करपलेली चव आणि कॉईल कचऱ्यात. वापरून फेकायचे व्हेप विसरा, १ जून २०२५ पासून इथे त्यांची विक्री बंद आहे.

श्वासमापक
मी धूम्रपान सोडवण्याच्या दवाखान्यात नर्स आहे. कॉईलबदलू, यंत्राबद्दल तुम्ही सांगितलंत ते बरोबर असेल, पण आधी कोणाला सांगताय ते बघा. हा माणूस सिगरेट ओढत नाही. आम्ही व्हेप सुचवतो तो सिगरेट सोडायला, कारण तिथे त्याचा उपयोग होतो याला चांगला पुरावा आहे. "व्हेप ९५ टक्के कमी घातक" हा २०१५ चा सरकारी आकडासुद्धा सिगरेटच्या तुलनेत होता आणि तो तज्ज्ञांच्या अंदाजावर बेतलेला म्हणून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच टीका केली होती. शुक्रवारच्या शीशावाल्याला तो जसाच्या तसा चिकटवू नका.

कॉईलबदलू
ताई, पण ते आता शुक्रवारवाले राहिलेत कुठे? घरात कोळसा पेटवतायत, कार्बन मोनॉक्साईड कोण मोजतंय? जागतिक आरोग्य संघटना म्हणते की तासाभराच्या हुक्क्यात शंभर सिगरेटींच्या तोडीचा धूर आत जाऊ शकतो. व्हेपमध्ये निखाराच नाही. काही जळत नाही, हाच सगळ्यात मोठा फायदा.

श्वासमापक
शंभर सिगरेटी हे धुराचं आकारमान आहे, निकोटीन शंभर पट असा अर्थ लावू नका. कोळशाचं मात्र शंभर टक्के मान्य. आमच्याकडे कार्बन मोनॉक्साईड मोजायला नळीत फुंकायला लावतात. आदल्या रात्री शीशा झालेल्यांचे आकडे बघून पाकीटभर सिगरेटी ओढणारे बरे वाटतात. पाण्यातून गाळून येतो म्हणून धूर स्वच्छ, हा समज अजून किती घट्ट आहे! त्यामुळे वेंब्लीकर, बंद घरात कोळसा पेटवणं आजपासून थांबवा. त्यासाठी व्हेप घ्यायची वाट बघू नका.

लेस्टरची_सून
मला ताईंचं पटतं, पण कारण वेगळं. आमच्या धाकट्या दिरांनी अगदी हेच केलं. शीशा होता तेव्हा तो मांडायला अर्धा तास, चार माणसं लागत, आणि निखारे विझले की बैठक संपली. व्हेपचे निखारे विझत नाहीत. आता जिन्यात, गाडीत, बाथरूममध्ये, जेवणाच्या दोन घासांमध्ये सुद्धा चालू. निकोटीन ३ चंच आहे हो, पण दिवसभर! हुक्क्याचा आळसच त्यांना आवरत होता, यंत्राने तोच काढून घेतला.

कॉईलबदलू
हा मुद्दा बिनतोड आहे, वहिनी. पण मग शून्य निकोटीनचं लिक्विड घ्यावं. हुक्क्यात माणसाला धूर, चव आणि गप्पा हव्या असतात.

श्वासमापक
घरी एकट्याने ओढतो त्याला गप्पा हव्या असतात होय? त्याला निकोटीन हवं असतं. शीशाच्या तंबाखूतही ते असतंच, गुळमट चवीखाली कळत नाही इतकंच.

कोथरूडचा_काका
चर्चा छान चाललीये. वेंब्लीकर, दिवाळीत पुण्याला येणार असाल तर एक यंत्र माझ्यासाठी टाका बॅगेत. इथे हुक्का पार्लरं बंद झाली, आमची पंचाईत.

सदाशिव_पेठी_वकील
काका, जाहीर धाग्यावर असलं लिहू नका! २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटची आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सगळंच भारतात गुन्हा आहे. पहिल्या वेळेस एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वेंब्लीकरांनी स्वतःचंही यंत्र लंडनलाच ठेवून यावं. आणि पार्लरं का बंद झाली ते आठवा. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांचं कारण पुढे आलं, आणि २०१८ मध्ये राज्याने कायदा बदलला.

कोथरूडचा_काका
बरं बाबा, चकली आणि चिवड्यावर भागवतो.

वेंब्लीकर
सगळ्यांचे आभार. कोळसा बंद, हे पक्कं. पण ताई, घरी एकट्याला निकोटीन हवं असतं हे जरा झोंबलं. मी आठवडाभर प्रवासात असतो तेव्हा शीशाची आठवणही येत नाही. म्हणजे व्यसन नाही ना? मला वाटतं शून्य निकोटीन, मोठी खिडकी, आणि यंत्र कपाटात. फक्त शुक्रवारी बाहेर.

लेस्टरची_सून
दीरसुद्धा कपाटच म्हणाले होते.

श्वासमापक
प्रवासात आठवण येत नसेल तर उत्तम, मग घरी आल्यावरही शीशा आणि यंत्र दोन्हींशिवाय महिनाभर राहून बघा. चिडचिड झाली, झोप उडाली, तर तुमच्या भागातल्या धूम्रपान-मुक्ती सेवेला फोन करा. सेवा फुकट आहे आणि शीशावाल्यांनाही मदत करतात. तिथे व्हेपची गरज वाटलीच तर निकोटीन किती आणि कमी कसं करत जायचं ते ठरवून देतील.

कॉईलबदलू
महिनाभर थांबायला माझी हरकत नाही. त्यानंतरही घ्यायचंच ठरलं तर खर्चाचा हिशेब करून ठेवा. ऑक्टोबर २०२६ पासून इथे लिक्विडवर दर १० मिलिला २.२० पौंड कर ठरलाय आणि तो शून्य निकोटीनलाही लागू आहे. म्हणजे ५० मिलिच्या बाटलीवर ११ पौंड नुसता कर, वर व्हॅट. आणि दुकानात ते पोरगं परत ०.८ ची कॉईल पुढे करेल, घेऊ नका.