पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी फिरतं जातं करायचंय, कसं करावं?

चैत्रपालवी:
नमस्कार मंडळी, आम्ही डोंबिवलीचे, इथे १९९९ पासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते, यंदा आमच्या सोसायटीतर्फे चित्ररथ करायचं ठरलंय. विषय जात्यावरच्या ओव्या. ४०७ टेम्पोवर भलंमोठं जातं, ते खरोखर फिरायला हवं आणि दोघी काकू बसून ओव्या म्हणणार, त्यांना त्यांच्या आईच्या ओव्या तोंडपाठ आहेत म्हणून तर हा विषय घेतला. सगळ्यांनी थर्माकोल सुचवला, पण २०१८ पासून राज्यात बंदी आहे आणि आम्हाला तो नकोच. मग जातं कशाचं करू आणि मोटर कुठली लावू?

सुतारपक्षी:
ताई, विषय फार आवडला. मोटर लावूच नका असं मी म्हणेन, काकूंनी स्वतः खुंटा धरून फिरवलं तर हात आणि ओवीची लय आपोआप जुळेल, मोटरच्या वेगाशी जुळवत गाणं अवघड जातं. भंगारवाल्याकडे रिक्षाचं किंवा गाडीचं जुनं व्हील हब, म्हणजे चाक ज्यावर बसून फिरतं तो मधला भाग, मिळतं, ते खालच्या फ्रेमला वेल्ड करून घ्या, वरची तळी (जात्याचा फिरणारा भाग) त्यावर नटबोल्टने बसवा, हलक्या हाताने फिरतं. तळीला प्लायच्या दोन चकत्या, मध्ये बांबूच्या कामट्या, वरून गोणपाट आणि कागदाचा लगदा. लगदा जाड थापू नका, आतून ओला राहतो आणि वास मारतो. रंग सपाट काळा नको, राखाडीवर स्पंजने दोन-तीन छटा मारा, तरच दगड वाटेल.

फोंडेकर:
आमच्याकडे शिगमोत्सवात पौराणिक प्रसंगांचे हलते चित्ररथ असतात, ते बघतच लहानाचा मोठा झालो म्हणून सांगतो, हलणारी वस्तू रस्त्यावरून दिसते का ते आधी बघा. टेम्पोचा हौदा उंच, जातं आडवं, म्हणजे खाली उभ्या माणसाला वरचा भाग दिसणारच नाही, फक्त कड दिसेल, आणि गोल कड फिरली तरी फिरतेय हे कळत नाही! म्हणून कडेवर टाकीचे (पाथरवटाच्या छिन्नीचे) घाव ठळक रंगवा आणि खुंटा चांगला उंच ठेवा. हौद्याचे फाळके, म्हणजे बाजूच्या फळ्या, उघडून खाली सोडा. काकूंना एक पुढे एक मागे असं बसवा, डावी-उजवीकडे बसवलं तर जवळच्या काकूंची पाठ आणि त्यांच्याआड जातं. आणि पीठ म्हणून रांगोळी वगैरे सांडू नका, वाऱ्याने लोकांच्या डोळ्यांत जाते, पांढरं सुती कापड चुण्या घालून लावा.

चैत्रपालवी:
कडेचं आणि बसण्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही डावी-उजवीकडेच बसवणार होतो. थँक्यू दोघांनाही! आवाजाचं काय करू?

ठाणेकर_मावशी:
आयोजकांना आत्ताच सांगून ठेवा की ढोलपथकाच्या मागेपुढे नंबर देऊ नका, ओवी ऐकूच येणार नाही, आणि ऐकू आली नाही तर या रथात राहिलं काय? साध्या बॅटरीवरचा स्पीकर आणि कॉलर माइक पुरतो, जनरेटरची घरघर ओवीच्या मुळावर येते. काकू किती वयाच्या आहेत? उन्हं वर आली की हौद्याचा पत्रा तापतो, खाली जाड सतरंजी हवीच. वरती छप्पर करणार असाल तर रथाच्या उंचीचा बांबू घेऊन आधी पूर्ण रस्ता चालून या, केबलच्या वायरी आणि कमानी कुठे खाली आल्यात ते तेव्हाच कळतं.

सुतारपक्षी:
मावशी म्हणतात ते बरोबर, आणि छप्पर केलंच तर वरचा तुकडा बिजागरीवर ठेवा, वायर आली की खाली पाडता येतो. ताई, हब मिळालं की फोटो टाका, बोल्टचं माप सांगतो.