एड थॉमस खून खटला: ज्यूरीचं चुकलं का?

सीडरकाठची (धागाकर्ती)
आमच्या सीडर फॉल्सहून पार्कर्सबर्ग गाडीने अर्ध्या तासावर आहे. आयोवातलं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळतात तो, आणि एड थॉमस तिथल्या हायस्कूलचे कोच. एवढ्याशा शाळेतून त्यांचे चार खेळाडू एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये गेले. मे २००८ मध्ये चक्रीवादळाने (टोर्नेडोने) जवळपास निम्मं गाव आणि शाळा उद्ध्वस्त केली. थॉमसनी पोरांना घेऊन मैदानातल्या काचा वेचल्या, आणि त्याच वर्षी तिथे सामने झाले.

२४ जून २००९ ला सकाळी व्यायामशाळेत, विद्यार्थ्यांसमोर, त्यांच्याच एका माजी खेळाडूने त्यांना गोळ्या घातल्या. गोळ्या घालणाऱ्या त्या मुलाला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया (संशयाचे भ्रम होणारा मानसिक आजार) होता. तरी ज्यूरीने २०१० मध्ये त्याला वेडसर न मानता खुनी ठरवलं आणि पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. मला हे पटत नाही.

करकोचा
मला पटतं. पिस्तूल मिळवलं, माणूस कुठे सापडेल ते विचारत फिरला, गाठून मारलं. ह्याला भान नव्हतं म्हणायचं? आजारी असणं वेगळं, आपण करतोय ते चूक आहे हे न कळणं वेगळं. आयोवाचा कायदा ह्यातलं दुसरं विचारतो.

सीडरकाठची
कायदा तेच विचारतो, मान्य. पण विचारविनिमय चालू असताना ज्यूरीने न्यायाधीशांना विचारलं होतं, वेडसर ठरवला तर ह्याचं पुढे काय होणार? उत्तर मिळालं नाही. तो तुमचा विषय नाही, असं सांगितलं. उद्या हा गावात मोकळा फिरेल ह्या धास्तीत बसलेल्या बारा जणांकडून कसल्या निकालाची अपेक्षा ठेवायची? वेडसर ठरलेल्याला लगेच घरी सोडत नाहीत, मनोरुग्णालयात ठेवतात, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

करकोचा
अपील झालंच की. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शिक्षा कायम ठेवली. ज्यूरीने घडलं काय ते ठरवायचं, परिणाम नाही. परिणाम बघून निकाल द्यायला लागले तर सहानुभूतीने सोडतीलही.

वाड्यावरचा_पंत
आपल्याकडे भारतात ह्यासाठी दंडसंहितेचं जुनं कलम ८४, आता भारतीय न्यायसंहितेत २२. कसोटी तीच, इंग्रजांकडूनच आलेली. फक्त आपल्याकडे ज्यूरी नाही, त्यामुळे हा घोळ नाही. (बाकीचे घोळ मोजायला बसू नका.)

निशिगंधा_वॉर्ड७
मी मानसोपचारात काम करते. तुम्ही दोघं नाटकाच्या शेवटच्या अंकावर भांडताय. थॉमस आपल्याला छळतायत असा त्या मुलाचा भ्रम होता. भ्रमात माणूस तयारी करू शकतो, पत्ता विचारू शकतो, खोटंही बोलू शकतो. तयारी म्हणजे शुद्ध नव्हे, करकोचा. आणि घटनेच्या चारच दिवस आधी त्याने एका घरावर धुडगूस घातला, पोलिसांनी पाठलाग करून पकडला आणि इस्पितळात नेला. सोडताना आम्हाला कळवा, असं पोलिसांनी इस्पितळाला सांगितलं होतं. आदल्या दिवशी सोडला, कळवलं कुणीच नाही.

करकोचा
म्हणजे दोष इस्पितळाचा?

निशिगंधा_वॉर्ड७
सगळा नाही. पण २०१० मध्ये आयोवाने त्यावरच कायदा केला, पोलिसांनी मागणी केली असेल तर सोडण्याआधी कळवायचं. मी त्याच्या बाजूने आहे, आणि तरी धास्तावते. दाखल झालो की पोलिसांना कळतं, असं एकदा रुग्णांमध्ये पसरलं की येतील कशाला? आमच्याकडे येणारे बहुतेक जण कुणाला बोटही लावत नाहीत.

वाड्यावरचा_पंत
मग घरच्यांनी करायचं काय?

सीडरकाठची
त्या मुलाचे आईवडील थॉमसांच्याच चर्चमध्ये जायचे. खून झाला त्याच दिवशी थॉमसांच्या मुलाने सगळ्यांसमोर सांगितलं, त्या कुटुंबासाठीही प्रार्थना करा. गावाने केली. म्हणून मला ज्यूरीची धास्ती समजते, पण निकाल पचत नाही.

करकोचा
प्रार्थना आईवडिलांसाठी होती हो. शिक्षा माफ करा असं कुठे म्हणाला तो?