मदत हवी आहे: जुन्या विलीज पिकअपसाठी क्राऊन-पिनियन

मंडळी, आज्जांची विलीज पिकअप टॉप स्पीडच्या शर्यतीसाठी उभी करतोय. आमचा गूळ हिच्यातूनच मार्केट यार्डात जायचा, म्हणून भंगारात घातली नाही.

हरिकेन एफ-१३४ इंजिनचं बोअरिंग उद्यमनगरात झालं, एक नंबर काम! अडलंय मागच्या डिफरन्शियलपाशी, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गिअरच्या डब्यापाशी. त्यातल्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीचा रेशो ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला पिनियन ५.३८ वेळा फिरतो; टायर ३० इंची. ४००० आरपीएमला ताशी १०५ किलोमीटरच्या आसपासच दम संपतो. रेशो कमी केला की वेग वाढतो; ३.७३ ने हिशेबात दीडशे येतात, पण ७५ हॉर्सपॉवर अन् असलं चौकोनी तोंड, वारा पुढं जाऊ देणार नाही. मला ४.२७ पटतोय.

४.२७ चा क्राऊन-पिनियन सेट कोल्हापूर-सांगलीत मिळेल का? बॅकलॅश (दोन्ही गिअरच्या दातांमधली फट) नीट बसवणारा जुना मिस्त्री कुणाच्या माहितीत आहे? ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवल्याशिवाय पळवणार नाही.