फाइल शाबूत, अक्षरे गायब

मासिकांचे, स्मरणिकांचे जुने अंक दोन हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले की जतन झाले, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. सदाशिव पेठेतील आमच्या मंडळाने १९९८ च्या स्मरणिकेची सीडी जपून ठेवली होती. गेल्या वर्षी ती उघडली, तेव्हा फाइल शाबूत होती, पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता काला दिसला.

प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण पद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे. तरी आपल्या छापखान्यांत नंतरही कितीतरी वर्षे असे फाँट चालले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि कोणत्या अक्षराच्या जागी कोणता तुकडा, याचा ज्याचा त्याचा तक्ता निराळा असे. तो फाँट संगणकात नसला की मागची रोमन अक्षरेच दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यातली खरी मेख ऱ्हस्व वेलांटीत आणि रफारात आहे. अशा फाँटमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर नोंदलेला असतो, तर युनिकोडमध्ये नेमके उलट. त्यामुळे आमच्या पहिल्या प्रयत्नात प्रत्येक ‘वर्ष’चे ‘वषर्’ झाले. शेवटी छापील प्रत शेजारी ठेवूनच मजकूर दुरुस्त केला. (भांडारकर संस्थेतील शतकांपूर्वीच्या पोथ्यांना निदान फाँट लागत नाही!)

म्हणून फाइलबरोबर तिचा मूळ फाँटही ठेवावा, मजकुराची एक साधी युनिकोड प्रत करावी आणि मांडणीसाठी फाँट आत सामावून घेणारी पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार) प्रत वेगळी काढावी. छापील अंक मात्र इतक्यात रद्दीत देऊ नयेत.