सपाट रानात दोराने ओढून हँग ग्लायडिंग शिकवता येईल का? (चोपडा-अमळनेर भाग)

अनेरकाठ:
राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात जाऊन हँग ग्लायडिंगचा (मोठ्या कापडी पंखाला लटकून बिनइंजिनचं उडायचं) बेसिक कोर्स केला, छोट्या टेकडीवरून. पंचवीस-तीस किलोचा ग्लायडर खांद्यावर घेऊन टेकडी चढायची, वीस सेकंद उडायचं, परत चढायची, दिवसातून सहा-सात वेळा, संध्याकाळी खांदे सोलून निघायचे पण जीव लागला तो लागलाच. आता एक सेकंडहँड ट्रेनिंग ग्लायडर घेतलाय आणि गावातली चार पोरं मागे लागलीत की भाऊ आम्हाले पण शिकवा. अडचण अशी की सातपुडा समोर दिसतो पण पायथ्याला झाडी आणि दगडगोटे, उतरायला जागा नाही, आणि इकडे तापीच्या बाजूला सगळं सपाट. बाहेरच्या देशांत जमिनीवरून दोराने ओढून नवख्यांना शिकवतात असं वाचलं. माझ्या चुलतभावाकडे विहीर खोदायची यारी मशीन आहे, तिचा ड्रम वापरावा का, की सरळ बोलेरोच्या मागे शंभर मीटर दोर बांधावा? कोणी केलंय का हे?

लळिंगवारा:
अनेरकाठ भाऊ, आधी हात जोडून सांगतो, यारी पण नको आणि बोलेरो पण नको. बाकी मग बोलू. मी विंचवर (दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारं यंत्र) शिकलोय आणि नंतर दोन सीझन विंच चालवणाऱ्याच्या शेजारी बसून थ्रॉटल (ओढ कमी-जास्त करायची मूठ) शिकलोय म्हणून एवढ्या ठामपणे लिहितोय.

तुमचा मूळ विचार बरोबर आहे. आजच्या आकाराचा हँग ग्लायडर डोंगरावरून नाही, दोरावरूनच सुरू झालाय. १९६३ साली ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन गावी जॉन डिकन्सन यांनी केलेला पंख स्पीडबोटीच्या मागे ओढून उडवला होता. पण पुढे लोकांनी दोर ग्लायडरच्या सांगाड्याला बांधून गाडीने ओढायला सुरुवात केली आणि त्यात माणसं गेली. १९८० च्या आसपास टेक्सासच्या डॉनेल ह्युएट यांनी मांडलं की ओढ सांगाड्यावर नको, पायलट आणि ग्लायडर दोघांच्या मिळून वजनाच्या मध्यावर यायला पाहिजे, आणि ओढ सगळ्या वेळ एकसारखी राहिली पाहिजे. दोर पायलटच्या अंगाला असला की पंख वाकडा झाल्यावर दोर अंगालाच दोराच्या दिशेने खेचतो, म्हणजे वजन आपोआप बरोबर बाजूला सरकतं. दोर सांगाड्याला बांधला तर ही मदत मिळत नाही.

आता बोलेरोचं का नाही ते बघा. पक्का दोर बांधला की गाडी खड्ड्यात थोडी दबली, ड्रायव्हरचा पाय थोडा जास्त पडला, वाऱ्याचा झोत आला, हे सगळं थेट पोराच्या अंगावर जातं. आणि यारी मशीन दगडाची पाटी वर काढायला केलेली, तिला फक्त ओढायचं कळतं, सोडायचं कळत नाही. नवख्यासाठी जे वापरतात त्याला स्कूटर टो म्हणतात, टो म्हणजे दोराने ओढणं. साधी गिअर नसलेली स्कूटर स्टँडवर पक्की बसवतात, मागच्या चाकाच्या जागी ड्रम, त्यावर बारीक पण मजबूत डायनीमाच्या कृत्रिम धाग्याचा दोर. दोर मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पुलीवरून फिरून परत येतो, म्हणजे स्कूटर आणि विद्यार्थी एकाच टोकाला. मास्तर शेजारी उभा राहून तोंडाने सांगतोय आणि मनगटाने ओढ देतोय.

पहिले दोन दिवस तर पोरगं उडतच नाही. नुसतं ग्लायडर घेऊन पळायचं, नाक किती वर ठेवायचं ते हाताला कळेपर्यंत. मग मास्तर एवढीच ओढ देतो की पळता पळता पाय हलके होतात, गुडघाभर उंचीवर पन्नास-साठ मीटर जातो, मास्तर हळूहळू थ्रॉटल सोडतो आणि तो बेस बारच्या (हातात धरायच्या आडव्या दांडीच्या) चाकांवर खाली टेकतो. मला आजही ती पहिली वेळ आठवते, पायाखालचा गवताचा आवाज बंद झाला आणि मी तरी हवेत पाय मारतच होतो. गंमत म्हणजे टेकडी चढायची नाही म्हणून टेकडीवर दिवसभरात होतं तेवढं इथे एका सकाळीच होतं, आणि अंग ताजं असताना माणूस लवकर शिकतो.

पारोळा_ताई:
लळिंगवारा दादांनी यंत्राचं छान सांगितलं, मी जमिनीचं सांगते, आमची शेती आहे आणि मी पॅराग्लायडिंग करते. थंडीत हवा चांगली पण वावरात हरभरा-गहू उभा, मार्चनंतर वावर रिकामं पण काळ्या मातीला भेगा आणि पऱ्हाटीची खुंटं, पाय मुरगळणार नाहीतर खुंट पोटरीत घुसणार. म्हणून गायरान किंवा पडीक जमीन बघा, ग्रामपंचायतीला विचारून, आणि आधी पूर्ण पायी फिरा. कठडा नसलेली जुनी विहीर गवतात दिसत नाही हो. विजेच्या तारा तर लांबून दिसतच नाहीत, फक्त खांब दिसतात.

दुसरं उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४२ डिग्री म्हणजे रोजचंच. तेवढ्या उन्हात हवा १५ डिग्रीच्या मानाने साधारण ९ टक्के विरळ होते, मग तोच ग्लायडर उचलायला जास्त वेगाने पळावं लागतं, आणि नवखा तिथेच कमी पडतो. आणि वावटळ! दहा वाजल्यानंतर बांधावर पाचोळा गरगरायला लागला की ग्लायडर जमिनीवर नुसता उभा असला तरी उलटतो. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत, बस्स. आणि जळगाव विमानतळ, धुळ्याचं गोंदूर, यांच्या आसपासचा तर विचारच करू नका, बाकी ठिकाणी पण आधी परवानगीचं विचारा.

अनेरकाठ:
ताई, दादा, मनापासून आभार. यारीचा विषय डोक्यातून काढला. एक शंका, दोरात तो कच्चा दुवा असतो ना, वीक लिंक, जास्त ताण आला की तुटतो. मग ग्लायडर वाकडा गेला तरी तो तुटून पोरगं वाचेलच ना?

लळिंगवारा:
नाही भाऊ, आणि हाच गैरसमज सगळ्यात वाईट. संक्रांतीला पतंग उडवलाय ना, पतंग एका अंगाला कलला आणि आपण मांजा ओढतच राहिलो की तो सरळ होत नाही, जास्तच कलत गरकन फिरून खाली येतो. ग्लायडरचं अगदी तसंच होतं, त्याला लॉकआउट म्हणतात. ओढ साधी असली तरी होतं, त्यामुळे वीक लिंक तुटायच्या आधीच माणूस जमिनीवर आलेला असतो. वीक लिंक फक्त सांगाड्यावर जादा ताण येऊ नये म्हणून, घरातल्या फ्यूजसारखी. लॉकआउटला औषध दोनच, विद्यार्थ्याने रिलीज (दोर सोडवायचा खटका) ओढायचा आणि थ्रॉटलवाल्याने ओढ सोडायची, दोघांनी एकमेकांची वाट न बघता. म्हणून नवख्याला गुडघाभर उंचीवरच ठेवतात, आणि पंख जरा कलला की मास्तर तिथल्या तिथे ढील देतो. पण नाक वर असताना एकदम झटक्याने सोडलं तर ग्लायडर स्टॉल होऊन (पंखाची उचल संपून) आपटतो, म्हणून दोर सुटला की बार लगेच छातीकडे ओढायचा हे जमिनीवर शंभर वेळा घोकून घ्यायचं. आणि प्रत्येक उड्डाणाआधी हँग चेक, हार्नेस (अंगावरचे पट्टे) खरंच ग्लायडरला अडकवलाय का ते लोंबून बघायचं. चांगले मुरलेले पायलट हे विसरून गेलेत.

तुम्ही स्वतः अजून टोवर उडाला नाहीत हे लक्षात घ्या भाऊ. आधी स्वतः टोवर शिका, मग वाळूच्या पोत्यांवर, मग अनुभवी पायलटला ओढत थ्रॉटलवर हात बसवा. पोरं तोवर मोठी होत नाहीत.

अनेरकाठ:
पटलं दादा. पोरांना आज रात्रीच सांगतो. पुढच्या थंडीत टो शिकवतात तिथे मी स्वतः जातो. तोपर्यंत गावाच्या गायरानात सकाळी दोर न लावता नुसतं ग्लायडर घेऊन पळायचं, वाऱ्याला तोंड करून, नाक धरायला शिकायचं. ताई, विहिरीचं तुम्ही म्हणालात म्हणून काल संध्याकाळी गायरान फिरून आलो, घाणेरीच्या झुडपात एक खरंच निघाली, तिला काटे लावून आलोय.